शेजाराची नोंद

घरच्या कॉम्प्युटरवरचं खातं बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा हरवलेलं फार थोडं असतं, पण दिसतं मात्र सगळंच हरवल्यासारखं. पासवर्ड बरोबर असतो. मशीन आत घेतं. आत गेल्यावर पडदा कोरा. आपण लावलेलं चित्र नाही, एकही ओळखीची फाइल नाही, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना येते की तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतलं आहे, इथं जे कराल ते बाहेर पडताना पुसलं जाईल. ही सूचना कुणी वाचत नाही. घाबरलेला माणूस गेलेलं आठवून आठवून तिथंच पुन्हा लिहायला बसतो, आणि मशीन बंद केल्यावर तेही जातं.

नव्या किल्लारीत माझ्या मामांच्या घरी असंच झालं. पावसाळी संध्याकाळ, वीज येत होती, जात होती, यूपीएसची बॅटरी थकलेली. मशीन काही तरी लिहून ठेवत असतानाच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "पासवर्ड तर घ्यायलाय, पण ह्यो मला वळखनाच गेलाय. सगळं गेलं का रे?" मी एवढंच म्हणालो, "मामा, त्यात एक अक्षरही टाइप करू नका. बंद करून ठेवा. मी येतो." लातूरहून औशामार्गे किल्लारी काही लांब नाही. वाटेत डोक्यात एकच विचार होता: डिस्क शाबूत असली पाहिजे. खात्याचं काय, ते पुढचं पुढं.

कारण मामांच्या मशीनमध्ये जुनी किल्लारी आहे.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पन्नाशीच्या तोंडावर एमएस-सीआयटी करावं लागलं, तेव्हा पहिल्यांदा माऊसला हात लावला. परीक्षेपुरतं शिकून पुष्कळांनी ते सोडून दिलं. मामांनी सोडलं नाही. त्यांच्याजवळ एक काम होतं, आणि ते वहीत मावत नव्हतं. 1993 च्या भूकंपाआधीचं गाव त्यांना गल्लीगल्लीनं, घराघरानं लिहून काढायचं होतं. घर किती खणांचं होतं, दार कोणत्या दिशेला होतं, बळद कुठं होतं, घरात त्या रात्री कोण कोण होतं. आधी श्रीलिपीत लिहिलं, मग युनिकोड आल्यावर बरंचसं पुन्हा लिहिलं. एका गल्लीला एक फोल्डर, एका घराला एक फाइल.

ती रात्र अनंत चतुर्दशीची होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या वर्षी, 1992 मध्ये, या भागात धक्के बसत होते. मग ते थांबले होते. या धक्क्याची तीव्रता 6.2 च्या आसपास मोजली गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे हा आकडा लहान आहे. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. केंद्र उथळ होतं, वेळ झोपेची होती, आणि घरं आमची होती. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दगड आणि माती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये लहानसहान दगडांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच. वर माळवद. तुळया, त्यावर किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची आणि पिढ्यान् पिढ्या छपराचं वजन वाढत जायचं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याहून गार घर नाही. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि छप्पर खाली आलं. जिथं छप्पर लाकडी खांबांवर उभं होतं, तिथं काही घरांत भिंती पडूनही आतली माणसं वाचली.

मामांनी ही यादी का करायला घेतली, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, सरकारी याद्या चांगल्या होत्या, मी स्वतः त्या करायला मदत केली. मयतांची यादी झाली, जखमींची झाली, पडझडीची झाली, जमिनीची झाली. पण कुणाच्या भिंतीला कुणाची भिंत लागून होती, हे कुठल्याच यादीत आलं नाही, कारण त्याला रक्कम लागू नव्हती.

तर मी जाऊन मशीनसमोर बसलो. खातं म्हणजे नेमकं काय असतं, हे मामांना समजावून सांगितलं, कारण त्यांना ते समजून घ्यायचंच होतं. आपण नाव आणि पासवर्ड देतो, पण मशीन आपल्याला नावानं ओळखत नाही. प्रत्येक माणसाला त्यानं एक लांबलचक आकडा दिलेला असतो, एस-1-5-21 असा सुरू होणारा. हा आकडा जन्मभराचा. नाव बदललं तरी तो बदलत नाही, आणि खातं पुसून त्याच नावानं नवं केलं तर आकडा नवा मिळतो. मशीनच्या लेखी तो माणूस वेगळा. आत रजिस्ट्री म्हणून एक मोठी नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक आकड्यापुढे लिहिलेलं असतं की या माणसाचं सामान अमुक फोल्डरात आहे. तलाठ्याच्या दप्तरात गट नंबरवरून जमीन सापडावी, तसं. आकडे आणि नोंदवही मिळून माणसं ओळखण्याची ही रीत विंडोज एनटीबरोबर आली, आणि ती एनटी बाजारात आली जुलै 1993 मध्ये. गाव पडलं त्याच्या दोन महिने आधी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती तारीख मनातून जात नाही.

नोंदवहीतली ओळ सापडली की मशीन त्या फोल्डरातली एक लपलेली फाइल उघडतं. तिचं नाव एनटीयूजर डॅट. माणसाच्या सगळ्या सवयी या एका फाइलीत असतात. पडद्यावर काय कुठं ठेवलंय, कोणता कीबोर्ड, अक्षर केवढं मोठं, शेवटी काय उघडलं होतं. ही फाइल उघडली नाही तर मशीन त्या माणसाला बाहेर ठेवत नाही. ते जुन्या आकड्याच्या शेपटाला 'बॅक' असं लावून ती नोंद बाजूला सरकवतं, आणि टेम्प नावाच्या रिकाम्या फोल्डरात त्याची सोय करतं. पासवर्ड त्याचा, आकडा त्याचा, खोली दुसऱ्याची.

"म्हणजे पत्र्याचं शेड," मामा म्हणाले.

मी गप्प बसलो. भूकंप आणि बिघडलेलं खातं यांची बरोबरी होऊ शकत नाही, आणि मी ती करणार नव्हतो. पण ते स्वतःच म्हणाले. या गावातली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं राहिली. तिथं लग्नं लागली, बाळंतपणं झाली, पोरं दहावी झाली. तात्पुरतं म्हणून जे दिलं होतं त्यात आयुष्याचा खरा तुकडा गेला, आणि पक्कं घर मिळाल्यावर तो पुसला गेला नाही. मशीन याबाबतीत फार निष्ठुर आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्याच्या शेडमध्ये जे कराल ते सकाळी नसतं.

सगळ्यात आधी मी काहीच दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या खात्यातून आत गेलो, मामांचा मूळ फोल्डर उघडून पाहिला. होतं. सगळ्या गल्ल्या होत्या. बाहेरच्या डिस्कवर त्यांची नक्कल घेतली, दोन-चार फायली तिथून उघडून बघितल्या, आणि मगच हत्यार हातात घेतलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बिघडलेल्या वस्तूवर काम करण्याची घाई माणसाला होते, आणि पुष्कळ नुकसान मूळ बिघाडापेक्षा त्या घाईनं होतं. डिस्क तपासली, काही जागा खराब निघाल्या.

आता दोन वाटा होत्या. एक, आहे त्याच खात्याची दुरुस्ती. नोंदवहीत एकाच आकड्याच्या दोन ओळी दिसतात, एक टेम्पकडे बोट दाखवणारी आणि दुसरी, 'बॅक' शेपटाची, खऱ्या घराकडे. पहिलीचं नाव बदलून ती बाजूला करायची, दुसरीचं शेपूट काढायचं, आतले दोन आकडे शून्यावर आणायचे, मशीन पुन्हा चालू करायचं. नशीब असेल तर माणूस आपल्या घरात. दुसरी वाट म्हणजे नवं खातं काढायचं आणि जुन्या घरातलं सामान उचलून तिकडं न्यायचं.

हे मी सांगत होतो आणि मामा मान हलवत होते, कारण या दोन वाटा या भागात शिकवाव्या लागत नाहीत. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात हेच दोन भाग होते. जी 52 गावं पुरती कोसळली ती दुसऱ्या जागी नेली. किल्लारी त्यांतली एक. आणि बाकी शेकडो गावांतली दीड लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त झाली. घरमालकाला टप्प्याटप्प्यानं पैसे मिळत, काम त्यानं स्वतः करून घ्यायचं. छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, दारं-खिडक्यांच्या वर सिमेंटचा पट्टा फिरवा. त्या गावांत स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढं आणलं. ओट्याची जागा, चुलीची दिशा, न्हाणीघर हे विषय त्यामुळे निदान बोलण्यात तरी आले. दुरुस्तीचं मोठं सुख हे की शेजार बदलत नाही. भिंत नवी झाली तरी पलीकडून येणारा खोकला ओळखीचा राहतो.

मी आधी दुरुस्तीच करून पाहिली. शेपूट काढलं, शून्यं भरली, मशीन पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच कोरा पडदा. नोंदवही आता बरोबर होती, पण ती सवयींची फाइलच डिस्कच्या खराब जागेवर सापडली होती. मागच्या तारखेला परत नेण्याची सोय या मशीनवर कधी चालूच केलेली नव्हती. मामांना मी सरळ सांगितलं, घर उभं आहे, सामान धड आहे, पण इथं राहता येणार नाही.

"मग पुनर्वसन," ते म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

नवी डिस्क बसवली. त्यांच्याच नावानं नवं खातं काढलं, नवा आकडा पडला. कागदपत्रं, फोटो, डेस्कटॉपवरचे फोल्डर, सगळं उचलून आणलं. जुन्या खात्यातली ती एनटीयूजर डॅट मात्र आणायची नसते. रोग तिच्याच अंगात असतो. इथं माणूस काम संपलं असं समजतो. मला मात्र जुन्या घरातली एक लपलेली खोली बघायची होती. अ‍ॅपडेटा नावाचा फोल्डर साध्या नजरेला दिसत नाही, आणि नवं खातं करणारे पुष्कळजण तो मागंच सोडून देतात. त्याच्या पोटात खोल एका ठिकाणी मामांचा शब्दकोश निघाला.

लिहिताना मशीनला जो शब्द ठाऊक नसतो, त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते. मामांना ती रेघ खपत नसे. चूक नसलेल्या शब्दाखाली रेघ म्हणजे त्यांच्यातल्या मास्तराचा अपमान. ते प्रत्येक वेळी उजवी कळ दाबून तो शब्द शिकवत. एवढ्या वर्षांत शिकवलेले सगळे शब्द एका साध्या फाइलीत, एका ओळीत एक असे जमले होते. मी ती उघडली आणि वाचतच राहिलो. आढं. उतरंड. कणगी. किलचन. ढाळज. देवळी. पेव. बळद. माळवद. साणं. मध्ये मध्ये आडनावं, शेतांची नावं, बैलांची सुद्धा. यांतल्या निम्म्या वस्तू नव्या किल्लारीत नाहीत. सिमेंटच्या छताला साणं नसतं, आणि बळद ठेवायला जाड भिंतच नाही. पण त्या शब्दांखाली आता रेघ येत नाही, कारण मी ती फाइल नव्या घरात तिच्या जागी नेऊन ठेवली. त्या दिवसात मी केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं मला अजून वाटतं. फोल्डर कुणीही आणले असते.

मग मामांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी पासवर्ड टाकला. सगळे फोल्डर पडद्यावर आले, आणि ते काही बोलेनात. मला वाटलं, एखादी गल्ली राहिली. त्यांनी बोटानं मोजले. नव्हती राहिली.

"वेस खाली कशी गेली?" त्यांनी विचारलं.

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जुन्या खात्यात ते फोल्डर पडद्यावर कसेही पसरलेले दिसत. मी मागं एकदा ते ओळीत लावून देऊ का असंही विचारलं होतं, आणि ते नको म्हणाले होते. ते पसरलेले नव्हते, ते गाव होतं. वेस जिथं होती तिथं वेशीतला फोल्डर, नीळकंठेश्वराच्या देवळाच्या मागची गल्ली देवळाच्या मागं, आड त्याच्या जागी, नदीकडची घरं नदीकडे. पडद्यावर कोणती वस्तू कुठं ठेवलीय हे फोल्डरात लिहिलेलं नसतं. ते त्या सवयींच्या फाइलीत असतं, आणि ती तर आम्ही मागं सोडली होती. नव्या खात्यानं सगळ्या गल्ल्या नेटानं उभ्या ओळींत, अकारविल्हे लावल्या होत्या. आडाजवळची सगळ्यात वर. वेशीतली, जिच्यातून गावात शिरायचं, ती 'व'मुळे जवळजवळ तळाशी.

नवी गावं अशीच लावली गेली. घर जमिनीच्या हिशेबानं मिळालं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, त्याच्यावर 750. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात. त्यामागं चांगला हेतू होता, आणि घाईही खरी होती. हजारो कुटुंबं पत्र्याखाली बसलेली असताना कुणी गल्लीगल्लीचा शेजार जुळवत बसावं, अशी अपेक्षा करणं सोपं आहे. घरं भक्कम झाली, हे मी मनापासून मानतो. पण माणसं आकाराप्रमाणे ओळीला लागली. दोन एकरवाला दोन एकरवाल्याशेजारी आला. जिच्या दारातून हाक मारली की हिच्या चुलीपर्यंत जायची, ती बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. यादीत दोघीही आहेत, घरात दोघीही आहेत. हरवलं ते दोघींच्या मधलं अंतर, आणि अंतर हरवल्याची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची?

मामांनी माऊस हातात घेतला. आपोआप ओळीत लावण्याची खूण मी काढून टाकली. त्यांनी वेशीतली गल्ली ओढून तिच्या जागी नेली. मग देवळामागची. मग ते अडले. एवढी वर्षं जे नुसतं समोर होतं ते आता आठवून मांडायचं होतं. "आडापास्नं सुतारवाडा डाव्या अंगाला का उजव्या?"

"कुठनं बघायलाव त्याच्यावर हाय ते," मामी आतून म्हणाल्या.

मामी या मशीनजवळ कधी बसल्या नव्हत्या. मामांचं काम म्हणजे मास्तरकीचंच पुढचं काम, असं घरात सगळ्यांनी धरलेलं. मी खुर्ची सरकवली. त्या हात पुसत आल्या, चष्मा लावला, आणि मामा कोणता फोल्डर कुठं नेतात ते बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, आडाची गल्ली आणि देवळामागची गल्ली यांच्या मध्ये. तिथं काहीच नव्हतं.

"हितला बोळ कुठाय?"

"कसला बोळ?"

"कसला म्हणजे? आमी बाया पाण्याला तिथनंच जायचाव. पुरुषमाणसं वरच्या वाटंनं जायची. त्या बोळात दोन घरं होती, दारं आतल्या अंगाला."

मामांनी आडाजवळचा फोल्डर उघडला, फायली वाचल्या. देवळामागचा उघडला. ती दोन घरं कशातच नव्हती. मयतांच्या यादीतून त्यांनी त्या माणसांची नावं घेतली असती, पण त्यांच्या हिशेबात त्या माणसांची दारंच नव्हती, कारण ते त्या बोळातून कधी गेलेच नव्हते. अहो, त्या तिथल्या म्हातारीनं तर तुमच्या थोरलीची बाळुती धुतलीत, मामी म्हणाल्या, आणि मामा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी मोकळ्या जागेवर उजवी कळ दाबली, नवा फोल्डर केला, नाव टाइप केलं: मधला बोळ. आत पहिली फाइल उघडली.

"सांग," ते म्हणाले.

"आधी दार लिवा," मामी म्हणाल्या. "दार उगवतीला होतं. उंबरा उंच. आत शिरलं की डाव्या हाताला जातं…"